पंप बदलला, आणि गाडी कुंभार्लीत बसली

आमच्या ट्रकचा डिझेल पंप, म्हणजे नोजलला प्रेशरनं डिझेल पुरवणारा, गेलाय हे आम्हाला कळलं ते डिपस्टिकवरून. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं. दोन बोटांत धरून चोळलं तर पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा भपकारा. आमच्या गाडीत पंपाला इंजिनचंच ऑइल जातं, त्यामुळं आतले एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारे दट्टे, घासले किंवा रिंगा गेल्या की डिझेल झिरपत झिरपत थेट इंजिनच्या ऑइल चेंबरात उतरतं आणि मग बेअरिंगला जातं ते ऑइल नसून फोडणीचं पाणी असतं. त्याच्या आधी महिनाभर अजून एक लक्षण होतं पण आम्ही कानाडोळा केला. सकाळी गार असताना अर्ध्या सेल्फला सुरू, आणि चिपळूणला जाऊन गरम झाली की बंद करायची सोय नाही. बंद केली की सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. मग क्लीनर पोतं भिजवून पंपावर टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं, की लागली सुरू. गरम झालेलं डिझेल आणखी पातळ होतं आणि घासलेल्या एलिमेंटच्या फटीतून मागं पळतं, गार केलं की तेवढं प्रेशर बनतं, एवढंच त्याच्यामागचं शास्त्र. पण पोतं टाकून धंदा किती दिवस करणार.

गाडी टाटा १६१३, २००३ चं मॉडेल, नाकवाली. १६ म्हणजे सोळा टन, १३ म्हणजे एकशेतीस हॉर्सपॉवर, आणि आत ६९७ इंजिन म्हणजे सहा सिलेंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. हे आकड्यांचं गणित मला लहानपणी आण्णांनी शिकवलं, पाढ्यांच्या आधी. आण्णा अजूनही तिला 'मर्सिडीज' म्हणतात, कारण त्यांनी ज्या गाड्यांवर हात साफ केला त्या टाटा आणि जर्मन बेंझ कंपनीच्या १९५४ ते १९६९ च्या करारातल्या होत्या, आणि हे आमचं इंजिन त्याच घराण्यातलं. तर अशी ही गाडी, चिपळूणकडून जांभा चिरा भरायचा, कुंभार्ली घाट चढायचा, पाटण कराडकडं बंगलेवाल्यांच्या साईटवर उतरायचा, हा आमचा धंदा. एक चिरा तीस-पस्तीस किलो, तीनशे चिरे टाकले की दहा टन झाले, आणि ते सगळं पोफळीपासून हेळवाकपर्यंत त्या घाटातून वर न्यायचं. म्हणजे पंपात जीव असायलाच पाहिजे.

कराडला एका पंप रूमला, म्हणजे डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी पंप न काढताच सांगितलं, सहाही एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, कॅमची बेअरिंगं, सगळं घालावं लागणार आणि चार दिवस लागतील. चार दिवस गाडी उभी ठेवली तर साईटवाला दुसऱ्याकडं जाणार. मग त्यांनीच सुचवलं, माझ्याकडं तयार केलेला, टेस्टिंगच्या बेंचवर लावून सेट केलेला पंप आहे, तुझा जुना दे, वर २६ हजार दे, आजच्या आज घेऊन जा. पटलं. आमच्या फीड पंपाला, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणाऱ्या छोट्या पंपाला, जेमतेम वर्ष झालं होतं म्हणून तो मात्र मी जुन्या पंपावरून आठवणीनं काढून घेतला, म्हटलं नवा आहे, कशाला सोडा. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण फीड पंप आठवणीनं काढून घेतला आणि त्याच्या शेजारची बोटाएवढी वस्तू जुन्या पंपावरच सोडून आलो.

पंप बसवायला आमचे नेहमीचे मिस्त्री. वयानं आण्णांच्या बरोबरीचे, मला लहानपणापासून अरेतुरे करतात. त्यांच्या कामात मला काही खोट काढायची नाही, पंप त्यांनी बरोबर बसवला. हेड कव्हर उघडून आधी एक नंबरचा सिलेंडर फायरिंगला आणला. हे पुलीवरची खूण बघून कळत नाही, खूण दोनदा येते, एकदा एक नंबर कॉम्प्रेशनला असताना आणि एकदा सहा नंबर असताना. म्हणून सहा नंबरचे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, बघायचे, ते दोन्ही एकाच वेळी झुलत असतील, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा एक नंबर फायरिंगला असतो आणि त्याचे दोन्ही रॉकर हाताला सैल लागतात. इथं चुकलं तर पंप अर्धा फेरा उलटा बसतो आणि मग कितीही सेल्फ मारा, पांढरा धूर येईल पण गाडी सुरू होणार नाही. मिस्त्रींनी जुन्या पंपाच्या फ्लँजवर आणि टायमिंग कव्हरवर छिन्नीनं एक रेघ मारून ठेवली होती ती फक्त अंदाजाला, खरं टायमिंग, म्हणजे पंपानं डिझेल नेमकं कधी मारायचं ते, त्यांनी हंसमान लावून केलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून ठेवायची, वरचा होल्डर परत लावायचा, त्याच्यावर बदकाच्या मानेसारखी वाकडी बारीक नळी बसवायची, एक्सलेटर फुल ओढून बांधायचा आणि हँड पंप मारत राहायचा. नळीतून डिझेलची धार पडते. मग दुसऱ्यानं टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, लावून इंजिन अगदी हळू हळू फिरवायचं, धारेची थेंब थेंब होते, आणि थेंब थांबला तिथं खूण जुळली पाहिजे. नाही जुळली तर फ्लँजच्या लांबट भोकांत पंप थोडा इकडं तिकडं फिरवायचा. पंपाचा शाफ्ट ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट्या दिशेला बॉडी फिरवली की टायमिंग लवकर येतं, त्याच दिशेला फिरवली की उशिरा. मिस्त्री थेंबाकडं बघत होते, मी टॉमीवर होतो, आणि दोघंही श्वास धरून.

हे सगळं त्यांनी केलं, आणि राहिलेलं फालतू काम माझ्याकडं आलं. डिझेलचे पाईप जोडणे. पाईप जोडायचे, आतून डिझेल जाणारे सगळे पोकळ बोल्ट मी स्टीलच्या डब्यात डिझेलमध्ये टाकून धुवून ठेवले होते, तांब्याचे वॉशर नवे आणले होते. इनलेटला एक पोकळ बोल्ट लावला, फीड पंपाला दोन लावले, फिल्टरवर लावले, आणि पंपाच्या टोकाला जिथून रिटर्नचा पाईप फिल्टरकडं परत जातो तिथला बोल्ट डब्यात काही सापडेना. मिस्त्रींच्या पेटीत तसलाच एक होता, तोच आटा, तीच जाडी, बसला मस्त. आवळला आणि विसरलो.

एअर काढली. आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, बुडबुडे संपून साफ डिझेल येईपर्यंत हँड पंप, मग नोजलचे, म्हणजे सिलेंडरात डिझेल फवारतात त्यांचे, पाईप सैल करून सेल्फ. तिसऱ्या सेल्फला दोन सिलेंडर बोलले, पाचव्याला सहाही. सुरुवातीला पांढरा धूर, दोन मिनिटांत साफ. आवाज तर असा सुरेख की आण्णा खुर्ची घेऊन समोर बसले. (एक सांगतो, पाईप सैल केलेला असताना बोट पुढं नेऊ नका कुणी, ते प्रेशर कातडीत घुसतं आणि मग डॉक्टरकडं पळावं लागतं.) रिकामी गाडी मलकापूरपर्यंत फिरवून आणली, पिकअप झकास. २६ हजार सत्कारणी लागले म्हणून सगळ्यांना वडे खायला घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरूच होईना. हँड पंप मारला, पंधरा-वीस दाबल्यावर कडक झाला, सुरू झाली. म्हटलं थोडी एअर राहिली असेल. उतरताना घाटात काय कळणार, रिकामी गाडी आणि उतार. चिरे भरले, निघालो, शिरगावपर्यंत बरी. आणि घाट लागल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वळणाला ती ओढायचीच बंद झाली. धूर नाही, आवाज नाही, आचका नाही. फक्त पायाखाली एक्सलेटर जमिनीला टेकलेला आणि इंजिन खाली खाली खाली येतंय, जसं कुणी हळूच झोप लागून चाललंय. पहिला गियर टाकला, त्याच्यातही भरेना. वळणावर बंद. क्लीनरनं उडी मारून मागच्या चाकाला गाडीतलाच एक चिरा काढून लावला. मागं एसटी, एसटीच्या मागं दोन टँकर, आणि हॉर्न. बॉनेट उघडलं, हँड पंप मारला, सुरू झाली, शंभर दोनशे मीटर गेली, परत तेच. तो घाट आम्ही त्या दिवशी असा चढलो की क्लीनर फूटरेस्टवर उभा, चिरा हातात, आणि मी दर वळणाला देवाचं नाव घेतोय. एरवी पाऊण तासाचं काम, त्या दिवशी साडेतीन तास.

आता इथून पुढं जे झालं ते लिहायचं म्हणूनच हा सगळा खटाटोप, कारण नवा पंप बसवल्यावर गाडीला काही झालं की सगळं गाव एका सुरात म्हणतं, पंपच खराब. साईटवर चिरे उतरवणाऱ्या गवंड्यानंसुद्धा हेच सांगितलं. मी पंप रूमला फोन केला तेव्हा माझाही आवाज चढलेला होता. काका शांत. म्हणाले, "पंप माझ्याकडं आण, मी बेंचवर लावून दाखवतो. पण काढायच्या आधी बाकीचं बघून घे, एकदा काढला की टायमिंग परत करायचं आलं." शहाणा सल्ला होता. आम्ही निम्माच ऐकला.

पहिलं बघितलं स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची केबल. कधीकधी नव्या पंपावर स्टॉपचा लिव्हर पूर्ण मागं जात नाही, अर्धवट ओढलेला राहतो आणि रॅक, म्हणजे पंपातली डिझेल कमीजास्त करणारी पट्टी, पूर्ण उघडत नाही. केबल सोडून बघितली, फरक शून्य. एक्सलेटरचा लिव्हर टोकापर्यंत जातो का बघितला, जातो.

मग मिस्त्री म्हणाले टायमिंग थोडं उशिरा असणार, बेंचवर एक असतं आणि गाडीवर एक असतं. त्यांनी पंपाचे नट सैल करून पंप खुणेच्या पुढं थोडा लवकरच्या बाजूला फिरवला. रिकाम्या गाडीत पिकअप वाढल्यासारखं वाटलं, पण इंजिन ठोकायला लागलं, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवल्यासारखं. मिस्त्री म्हणाले, "आरं ठोकूदे थोडं, लोडला जाईल तो आवाज." लोडला आवाज गेला नाही, आणि लोडही गेला नाही. घाट नकोच म्हणून यावेळी सहा टन वाळू भरून विट्याच्या रस्त्याला नेली, साध्या चढाला तीच रड. मला खरं म्हणजे इथंच शंका आली होती की जी गाडी रिकामी छान चालते आणि लोडला हळूहळू मरते तिचा आजार टायमिंगचा नसतो, टायमिंग चुकलेली गाडी सगळीकडं चुकलेली असते. पण मिस्त्रींसमोर बोलायची माझी प्राज्ञा नाही.

मग एअर. सकाळी सुरू होत नाही, हँड पंप मारला की होते, म्हणजे कुठून तरी हवा घेतेय किंवा डिझेल मागं उतरतंय, हे अनुमान काही चुकीचं नव्हतं. सगळे तांब्याचे वॉशर परत बदलले. काही जण जुने वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकून मऊ करून वापरतात, चालतात ते, पण मी नवेच घातले. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाईप संशयित, कारण तिथं डिझेल ओढलं जातं, गळत असेल तर बाहेर ओलं दिसत नाही, उलट हवाच आत जाते. म्हणून टाकी बाजूला ठेवून पाच लिटरचा कॅन केबिनच्या टपावर बांधला, त्यातून रबरी पाईप थेट फीड पंपाला दिला आणि गाडी त्याच चढाला नेली. आणि काय, सुधारली! पूर्ण नाही, पण निम्मी तरी. झालं, आम्ही सगळे आनंदानं ओरडलो, टाकीचा पाईप सापडला. टाकी उतरवली, धुतली, आतली जाळी साफ केली, पाईप नवा टाकला, अठराशे रुपये आणि एक दिवस. गाडी जशीच्या तशी. कॅननं का सुधारली होती ते मला चार दिवसांनी कळलं. वर टांगलेल्या कॅनमुळं डिझेलला उंचीचं थोडं प्रेशर मिळत होतं, दोष टाकीत नव्हताच. उत्तर अगदी डोळ्यांसमोर टपावर बांधलेलं होतं आणि आम्ही टाकी धूत बसलो.

नोजल काढले. एकेक पाईप सैल करून आधी बघितलं होतं, सहाही सिलेंडर काम करत होते, कुठलाही सैल केला की आवाज पडायचा, म्हणजे नोजल फार वाईट असण्याचं कारण नव्हतं. तरी काढले. टेस्टरवर लावले, दोनशे बारच्या आसपास उघडायला पाहिजेत, चार ठीक होते, दोन जरा लवकर उघडत होते आणि टोकाला थेंब धरत होते. ते दोन करून घेतले. चांगलं काम झालं, पण आजार तो नव्हे. फीड पंप खोलला, माझा तो आठवणीनं काढून घेतलेला लाडका, पिस्टन स्प्रिंग व्हॉल्व्ह सगळं ठीक. मिस्त्री वैतागून म्हणाले, "आता माझ्याकडं काय राहिलं नाही बाबा. पंप काढून त्याच्या डोक्यात घाल."

काढला. आणि सकाळी दहाला पंप रूमला गेलो, भांडायच्या तयारीनं. आण्णाही सोबत आले, म्हटले तू तोंड उघडू नको, मी बोलतो.

काकांनी भांडणाला जागाच दिली नाही. पंप बेंचवर चढवला, त्यांच्याकडच्या पोरानं पाईप जोडले, मोटर चालू केली. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी एकदा बघावं असं ते मशीन असतं, समोर काचेच्या सहा उभ्या नळ्या, आकडे कोरलेल्या, पंपाच्या सहा तोंडांतून ठरलेल्या फेऱ्यांत जेवढं तेल निघतं तेवढं त्यात भरतं आणि सहाही नळ्यांत रेघ एका लेव्हलला आली पाहिजे. आली. केसाचाही फरक नाही. स्पीड वाढवला, परत भरल्या, परत एक लेव्हल. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, कुठं कट करतो ते दाखवलं. आण्णा चष्मा पुसून परत बघायला लागले. मला कळेना आता रागवायचं कुणावर.

पंप उतरवताना त्या पोरानं बेंचचे पाईप सोडले आणि रिटर्नच्या जागचा बोल्ट काढून बेंचच्या हुकाला परत अडकवला, आणि मला म्हणाला, "दादा, तुमचा द्या की, लावून देतो, परत रस्त्यात हरवंल." मी म्हटलं कसला? तो म्हणाला, "ओव्हरफ्लोचा." मी खिशातून माझा बोल्ट काढून दिला, पंप काढताना खिशातच टाकला होता. पोरगं विशीचं असेल, त्यानं तो बोल्ट हातात घेतला, वजन केल्यासारखा हलवला, तोंडाला लावला आणि फूंकर मारली. आरपार शिट्टी वाजली. त्यानं काकांकडं बघितलं. काकांनी बेंचचा बोल्ट हुकावरून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता यात फुंक."

फुंकलो. गाल फुगले, डोळे बाहेर यायची वेळ आली, तोंडात कडू तेल आलं, हवा काही जाईना.

बाहेरून दोन्ही सारखे. तोच आटा, तीच बाजूची भोकं. पण एकाच्या पोटात छोटी गोळी आणि स्प्रिंग, दुसरा नुसता पोकळ. फीड पंप जेवढं डिझेल ढकलतो तेवढं पंपाला लागत नाही, जास्तीचं रिटर्ननं परत जातं, पण ते जाताना या गोळीला ढकलून जावं लागतं, त्यामुळं पंपाच्या गॅलरीत, म्हणजे एलिमेंटना डिझेल पुरवणाऱ्या आतल्या कप्प्यात, एक-दीड बारचं प्रेशर कायम उभं राहतं आणि प्रत्येक एलिमेंट खाली आला की गच्च भरतो. नुसता पोकळ बोल्ट लावला की डिझेलला मोकळं रान. घरात खालच्या मोरीचा नळ सताड उघडा ठेवला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही तसं. रिकाम्या गाडीला डिझेल लागतंच किती, तिला पुरतं. घाटात फुल एक्सलेटरला एलिमेंट अर्धेच भरतात, आणि गाडी न खोकता न धुरता झोपी जाते. रात्री उभी केली की त्याच उघड्या वाटेनं गॅलरीतलं डिझेल मागं उतरायचं, म्हणून सकाळी हँड पंप. आणि बेंचवर पंप पास का होत होता, तर बेंचला त्यांचा स्वतःचा बोल्ट लावलेला, गोळीवाला. पंप शंभर वेळा बेंचवर लावला असता तरी शंभर वेळा पासच झाला असता.

माझा मूळचा कुठं गेला? जुन्या पंपावर, जो मी माझ्या हातानं याच दुकानात देऊन गेलो होतो. काकांनी एका आइस्क्रीमच्या डब्यात हात घालून तसे आठ-दहा बोल्ट बाहेर काढले, एक बेंचवर लावून बघितला, दिला. पैसे किती म्हणून विचारलं तर म्हणाले, "दोनशे दे. आणि आण्णा, च्या घेणार का?" आण्णा, जे भांडायला आले होते, त्यांनी चहा घेतला आणि वर क्रीमरोल पण घेतला. मी खाली मान घालून बसलो होतो, कारण तो बोल्ट मिस्त्रींनी लावला नव्हता, मी लावला होता, आणि इतके दिवस मी मिस्त्रींच्या टायमिंगवर मनातल्या मनात संशय घेत होतो.

एक गोष्ट सांगायची म्हणजे पाच मिनिटांत कळलं असतं. काकांनी जाता जाता सांगितलं, अशी गाडी आली की ते इंजिन चालू ठेवून रिटर्नचा रबरी पाईप फडक्यात धरून पकडीनं जरा दाबतात. दाबल्यावर इंजिन उचल खाल्ल्यासारखं झालं तर प्रेशर कमी आहे, मग व्हॉल्व्ह बघायचा नाहीतर फीड पंप. आणि रिटर्नचा पाईप फिल्टरकडून सोडून बाटलीत धरला तर आयडलला बारीक धार पडायला पाहिजे, आमच्याकडं म्हणे पन्हाळीसारखी पडली असती. पडतच असणार, आम्ही कधी सोडूनच बघितला नाही. कुणाकडं गॅलरीला लावायचा छोटा गेज असेल तर मग हे पकडीचे धंदेही नकोत.

पंप परत बसवला. मिस्त्रींना मी कबूल केलं बोल्ट माझा होता. ते काही बोलले नाहीत, फक्त त्यांच्या पेटीतला तो पोकळ बोल्ट माझ्याकडून मागून घेतला आणि त्याला लाल ऑइलपेंट फासला. टायमिंग परत हंसमान लावून केलं, आणि यावेळी खुणेवरच ठेवलं, मधे पुढं ढकललं होतं ते काढलं. ते राहिलं असतं तर आता पंपात पूर्ण प्रेशर आल्यावर ठोकून ठोकून हेड गॅस्केट घेऊन बसली असती. एकाच्या औषधानं दुसरा आजार म्हणतात तो हा. सुरू झाली, रात्रभर उभी ठेवली, सकाळी क्लीनरला म्हटलं हँड पंपाला हात लावू नको. अर्ध्या सेल्फला सुरू.

शनिवारी चिरे भरले, तीनशेवर दहा, मुद्दाम. शिरगाव सोडलं तेव्हा क्लीनर सवयीनं एक चिरा मांडीवर घेऊनच बसला होता. जिथं पहिल्यांदा बंद पडली होती त्या वळणाला दुसऱ्या गियरमध्ये आली, मी एक्सलेटर दाबला आणि टर्बोची ती शिट्टी ऐकली, बऱ्याच महिन्यांनी. वर हेळवाकला पोचलो तेव्हा घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं. चिरा क्लीनरनं परत वर ढिगात टाकला.

खर्चाचं म्हणाल तर पंपाच्या २६ हजारावर नोजल, टाकीचा पाईप, वॉशर, दोनदा काढणी-बसवणी धरून आणखी साडेसात हजार गेले आणि नऊ दिवस धंदा बंद. डिपस्टिक आता जागेवर आहे, पंधरा दिवसांत ऑइल वाढलेलं नाही, नवीन ऑइल टाकलं तेही काळं होतंय पण डिझेलचा वास नाही. चार नंबरच्या पाईपचा नट थोडा ओला दिसतोय, तो रविवारी बघणार.